गावाच्या पैशातून जात्यावरच्या ओव्या : प्रकल्प नोंदी

१८ जानेवारी २०२५, शनिवार

आमच्या गावाच्या सांस्कृतिक परिषदेने ‘जात्यावरच्या ओव्या’ या कार्यक्रमासाठी ९०० डॉलरचे अनुदान मंजूर केल्याचे पत्र काल आले. ऑक्टोबरमधल्या अर्जात मी १,४०० डॉलर मागितले होते. गाव मॅसॅच्युसेट्समधले, बॉस्टनच्या पश्चिमेचे. तिथल्या सार्वजनिक वाचनालयात आणि ज्येष्ठ नागरिक केंद्रात, महाराष्ट्रातल्या बायकांनी दळताना गायलेल्या ओव्या म्हणून दाखवायच्या, त्यांचा अर्थ इंग्रजीत सांगायचा आणि ज्यांना हवे त्यांना स्वतःच्या हाताने जाते ओढू द्यायचे, असे कार्यक्रमाचे स्वरूप आहे.

या नोंदी ठेवण्याला कारण आहे. आमच्या भागात नृत्य शिकवणाऱ्या, तबला वाजवणाऱ्या, रांगोळी काढणाऱ्या मराठी कलावंतांची संख्या आता बरीच झाली आहे आणि अनुदानाचा अर्ज कसा भरायचा हे त्यांतले अनेकजण विचारतात. पैसे मंजूर झाल्यानंतर कलावंताने काय काय करायचे असते हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. त्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर प्रत्यक्ष कामातूनच लिहून ठेवावे, असे मी ठरवले.

हा पैसा कुठून येतो, हे आधी सांगायला हवे, कारण जबाबदारीचे स्वरूप त्यावरून ठरते. मॅसॅच्युसेट्समध्ये ३५१ शहरे आणि गावे आहेत आणि त्या सर्वांसाठी मिळून ३२९ स्थानिक सांस्कृतिक परिषदा आहेत. काही लहान गावांनी एकत्र येऊन एकच परिषद ठेवली आहे. राज्याचे विधिमंडळ मास कल्चरल कौन्सिल या राज्यसंस्थेला दरवर्षी निधी देते आणि त्यातला एक भाग लोकसंख्या व मालमत्तेचे मूल्य पाहून गावोगावच्या परिषदांकडे जातो. या व्यवस्थेचे मूळ कलांसाठी काढलेल्या राज्य लॉटरीत आहे. आजची राज्यसंस्था १९९० मध्ये, लॉटरीचे काम आणि राज्याची जुनी कला परिषद एकत्र करून झाली. परिषदेवरच्या सभासदांची नेमणूक गावाचे प्रशासन करते आणि ते मानधन घेत नाहीत. तेव्हा माझ्या हातात आलेले ९०० डॉलर कोणा धनिकाची देणगी नाही. किराणा दुकानात माझ्या मागे रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या कराचा त्यात वाटा आहे आणि निर्णय घेणारे लोकही याच गावातले आहेत.

अर्जांवरची चर्चा ज्या सभेत झाली त्या सभेला मी श्रोता म्हणून गेले होते. या सभा कायद्याने सर्वांना खुल्या असतात आणि त्यांची सूचना निदान ४८ तास आधी लावावी लागते. माझ्या अर्जाची पाळी आली तेव्हा माझ्या ओळखीच्या एक सभासद बाई उठून बाहेर गेल्या आणि चर्चा संपल्यावर परत आल्या, कारण हितसंबंधांविषयीचा राज्याचा कायदा विनावेतन काम करणाऱ्या सभासदांनाही लागू आहे. एवढ्या लहान रकमेसाठी एवढी काटेकोर शिस्त पाहून मला फार बरे वाटले. ज्यांनी ती पाळली त्यांना तितक्याच शिस्तीने हिशेब मिळाला पाहिजे.

२५ जानेवारी

मागितलेल्यापेक्षा ५०० डॉलर कमी मिळाले आहेत. अशा वेळी कलावंतासमोर दोन सोपे मार्ग असतात: मूळचा कार्यक्रम तसाच करू असे मोघम म्हणायचे आणि पुढे कुठेतरी गुपचूप काटछाट करायची, किंवा तूट स्वतःच्या खिशातून भरून कोणाला काही सांगायचेच नाही. दोन्ही मला अयोग्य वाटतात. पहिल्यात परिषदेला सांगितले एक आणि गावाला दिले दुसरे, असे होते. दुसऱ्यात कार्यक्रमाचा खरा खर्च कोणालाच कळत नाही, आणि पुढच्या वर्षी ज्या कलावंताच्या खिशात भर घालायला काही नसते त्याच्या अर्जातला खर्च उगाच जास्त वाटू लागतो.

म्हणून आज सुधारित अंदाजपत्रक लिहून परिषदेच्या अध्यक्षांकडे पाठवले. सोबत ओव्या म्हणणाऱ्या गायिकेला २५० डॉलर, इंग्रजी निवेदन करणाऱ्या व्यक्तीला १५०, ज्या बाईंकडून मी बहुतेक ओव्या शिकले त्यांना १२०, ध्वनिव्यवस्थेच्या भाड्याला ११०, मोठ्या अक्षरांतल्या पुस्तिकेच्या छपाईला ९०, प्रवासाला ३० आणि मला १५० असे ९०० झाले. चित्रीकरणाचे २५० डॉलर पूर्ण काढले आणि माझ्या मानधनातले २५० कमी केले. मात्र माझ्या कामाचे खरे मोल ४०० डॉलर आहे आणि त्यातले २५० माझे योगदान आहे, हे त्याच कागदावर वेगळ्या रकान्यात लिहिले. इतरांचे मानधन मी एका डॉलरनेही कमी केलेले नाही, कारण अर्जात त्यांची नावे घालताना त्यांना तो आकडा मी सांगितला होता.

६ फेब्रुवारी

टाउन हॉलमध्ये जाऊन करारावर सही केली आणि करासाठी लागणारा फॉर्म भरून दिला. अनुदान हे कलावंताच्या करपात्र उत्पन्नात धरले जाते, ही गोष्ट नव्या कलावंतांना कोणीतरी वेळेवर सांगायला हवी, नाहीतर पुढच्या एप्रिलमध्ये विवरणपत्र भरताना ती अचानक समोर येते.

पूर्वी या परिषदांची सर्वसाधारण रीत अशी होती की कलावंताने आधी स्वतः खर्च करायचा, पावत्या जोडायच्या आणि मग गावाकडून पैसे परत मिळवायचे. ज्यांच्याजवळ आधी खर्च करायला पैसेच नसत अशा कलावंतांना ती रीत फार जड जात असे. आता रक्कम आधी हातात मिळते. या बदलाचे मी मनापासून स्वागत करते, पण त्याने आमची जबाबदारी वाढली आहे हेही मानते: पूर्वी पावती नसेल तर पैसा मिळत नसे, आता पैसा मिळालेला असतो आणि पावती सांभाळणे आपल्या सचोटीवर सोडलेले असते. मी बँकेत या प्रकल्पापुरते स्वतंत्र खाते उघडले आहे. घरखर्चाच्या खात्यात हे पैसे मिसळले तर पुढे कोणते कोणाचे हे सांगणे अवघड होते.

१६ फेब्रुवारी

आजची नोंद लांबणार आहे, कारण आजचा विषय करारात नाही आणि तरीही मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

ओव्यांना लेखक नसतो, त्यामुळे त्या कोणीही कुठेही म्हणाव्यात, असा एक समज आहे. कायद्याच्या दृष्टीने त्यात तथ्य असेलही. पण ओव्या ज्यांनी जपल्या त्या बायका आहेत, त्यांना गावे आहेत, आणि त्यांच्याकडून त्या गोळा करणाऱ्यांनी आयुष्याची कितीतरी वर्षे त्यात घातली आहेत. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉयटविन यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून लाखाहून अधिक ओव्या टिपल्या. ते भांडार आज ग्रामीण भारताचे लोकसंग्रहालय म्हणवणाऱ्या ‘पारी’च्या संकेतस्थळावर गायिकांच्या आणि गावांच्या नावांसह उपलब्ध होत आहे. प्रत्येक ओवीखाली बाईचे नाव लिहिण्याचा हा शिरस्ता मला अनुकरणीय वाटतो. श्रोत्यांना या भांडाराची माहिती देणारा परिच्छेद मी पुस्तिकेत घेणार आहे. तिथली ध्वनिमुद्रिते मात्र वापरणार नाही, कारण माझ्याजवळ प्रत्यक्ष शिकलेल्या ओव्या आहेत आणि त्या ज्यांच्या आहेत त्यांना विचारता येते.

त्या मुळशी तालुक्यातल्या, माझ्या मावशीच्या शेजारच्या काकू. आज सकाळी त्यांच्या सुनेच्या फोनवरून त्यांच्याशी बोलले. कार्यक्रम कुठे आहे, कोण ऐकणार, पैसे कोणाचे, त्यांतले मला किती मिळणार आणि त्यांना किती, हे सगळे सांगितले. काकू आधी हसल्या आणि म्हणाल्या, “अगं, त्या काय माझ्या एकटीच्या हायेत का? सासू म्हणायची, नणंद म्हणायची, त्यात मी चार भर घातल्या.” मी म्हटले, “काकू, तुम्ही घातलेल्या चार कोणत्या तेवढं तरी सांगा, म्हणजे त्या तुमच्या नावानं म्हणता येतील.” मग त्यांनी खरोखरच आठवून आठवून सांगितल्या. त्यांतली एक धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या शेताविषयी आहे. ती मी आजवर जुनीच समजत होते.

काकूंनी दोन अटी घातल्या. कार्यक्रमात नाव आणि गाव दोन्ही सांगायचे, पण फोटो कुठे लावायचा नाही आणि छापील कागदावर आडनाव घालायचे नाही. दुसरी अट, नवऱ्याच्या माराविषयीच्या दोन ओव्या तिथे म्हणायच्या नाहीत. त्या त्यांच्या जावेच्या आहेत आणि ती आता नाही, तिला विचारता येत नाही. मी दोन्ही अटी वहीत लिहून त्यांना वाचून दाखवल्या आणि सुनेच्या मोबाइलवर पाठवल्या. दुसऱ्या अटीमुळे कार्यक्रमातला एक बळकट भाग जाणार आहे, तरी ती पाळायचीच. मानधनाचे पैसे सुनेच्या खात्यात पाठवावेत असे ठरले.

निवडीचाही प्रश्न आहे. परदेशात ओव्या सादर करताना माहेर, भाऊराया, तान्हे बाळ आणि पंढरीची वाट एवढ्यावरच थांबण्याचा मोह होतो, कारण ते ऐकायला गोड वाटते. प्रत्यक्षात बायकांनी जात्यावर श्रमाविषयी, उपाशीपोटी दळण्याविषयी, सीतेच्या वनवासाविषयी आणि बाबासाहेब आंबेडकरांविषयीही गायले आहे. बाबासाहेबांच्या ओव्या दलित बायकांच्या आहेत. मी त्या समाजातली नाही. त्या गाळल्या तर चित्र खोटे होईल आणि मीच म्हटल्या तर त्या माझ्याच आहेत असे भासेल. सोबतच्या गायिकेची आजी मराठवाड्यातली आणि या ओव्या तिने आजीच्या तोंडून ऐकलेल्या आहेत. त्या भागाची निवड आणि निवेदन दोन्ही तीच करील, असे आम्ही ठरवले.

९ मार्च

जाहिरातीचा मजकूर तयार झाला. हा कार्यक्रम गावाच्या सांस्कृतिक परिषदेच्या अनुदानातून काही अंशी होत आहे आणि त्या परिषदेला मास कल्चरल कौन्सिल या राज्यसंस्थेचे साहाय्य आहे, हे वाक्य ठरलेल्या शब्दांत भित्तीपत्रकावर, पुस्तिकेत आणि कार्यक्रमाच्या सुरुवातीला तोंडी असे तिन्हीकडे येईल. काही कलावंत ही ओळ अगदी तळाशी, वाचता येणार नाही अशा बारीक टंकात घालतात. गावातल्या माणसाला आपल्या करातून काय झाले हे कळण्याची हीच एक जागा असते, त्यामुळे मी ती कार्यक्रमाच्या वेळेच्या लगेच खाली, त्याच आकारात घेतली आहे.

याच आठवड्यात एका मराठी मंडळाच्या कार्यकारिणीचा फोन आला. पाडवा यंदा ३० मार्चला आहे. मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमात ओव्या घ्याव्यात, वाचनालयातला कार्यक्रम रद्द केला तरी चालेल, असा त्यांचा आग्रह होता. “ताई, वाचनालयात कोण येणार? इथे आपली तीनशे माणसं बसलेली असतील, त्यांना तरी ओव्या कळतील,” असे अध्यक्ष म्हणाले. त्यांच्या बोलण्यात आपुलकी होती. मी त्यांना सांगितले की अनुदान गावातल्या सर्वांसाठी आहे, मंडळाचा कार्यक्रम सभासदांसाठी आणि त्यांच्या पाहुण्यांसाठी असतो, आणि अर्जात मी विनामूल्य व सर्वांना खुला असे शब्द लिहून दिले आहेत. या अनुदानातून तिकीट लावलेले कार्यक्रमही होऊ शकतात, तशी बंदी नाही. पण दार सर्वांना उघडे असले पाहिजे. मंडळात मी पुढे जरूर येईन, ते काम वेगळे धरू, त्याचा खर्च मंडळ करील आणि तिथे परिषदेचे नाव वापरले जाणार नाही, असे शेवटी ठरले. अध्यक्षांनी वाचनालयातल्या कार्यक्रमाची माहिती सर्व सभासदांना पाठवण्याचे कबूल केले.

२३ मार्च

वाचनालयाच्या कार्यक्रम-प्रमुख बाईंनी अत्यंत सौजन्याने विचारले की ओव्यांत देवांची नावे बरीच दिसतात, तर हा धार्मिक कार्यक्रम ठरेल का. प्रश्न रास्त आहे. सार्वजनिक पैसा धर्मप्रसारासाठी वापरायचा नसतो, हे तत्त्व मला मान्य आहे आणि मी त्याच्या बाजूची आहे. मी त्यांना सविस्तर लिहून कळवले की विठ्ठल आणि रुक्मिणी या ओव्यांत बहुतेक वेळा घरातल्या माणसांसारखे येतात, गाणारी बाई रुक्मिणीच्या तोंडून आपलेच गाऱ्हाणे सांगते, आणि कार्यक्रमात आरती, पूजा किंवा प्रसाद यांपैकी काहीही असणार नाही. दळायला बसण्यापूर्वी जात्याला हळदकुंकू लावण्याची चाल आहे. ती आम्ही करून दाखवणार नाही, तिच्याविषयी निवेदनात सांगू. सोबतच्या गायिकेला हे थोडे खटकले. तिच्या मते जात्याला कोरडेच बसवणे हे जात्याचा अपमान करण्यासारखे आहे. यावर आम्ही बराच वेळ बोललो आणि तिने घरून निघतानाच हळदकुंकू लावून जाते आणावे, असे ठरले. तिची श्रद्धा तिच्या घरात, कार्यक्रम सर्वांचा.

५ एप्रिल

ज्येष्ठ नागरिक केंद्राच्या दिवाणखान्यात पाण्याच्या नळांची दुरुस्ती निघाली आहे आणि ती मेअखेरपर्यंत चालेल. केंद्राच्या लोकांनी गावाच्या गृहनिर्माण संस्थेच्या इमारतीतला सामायिक कक्ष सुचवला. जागा बदलणे हा अर्जातला बदल आहे, म्हणून तो कक्ष पक्का करण्यापूर्वी परिषदेला लेखी विचारले. होकार चार ओळींत आला, पण तो आधी मागितला होता हे महत्त्वाचे.

२६ एप्रिल

दोन्ही जागा पाहून आले. अपंग व्यक्तींना कार्यक्रमात विनाअडथळा भाग घेता यावा ही १९९० च्या अपंगत्वविषयक कायद्याची अपेक्षा आहे आणि करारातही तिचा उल्लेख आहे. कागदावर दोन्ही इमारती ठीक आहेत: उतार आहे, रुंद दारे आहेत, स्वच्छतागृह आहे. आमच्या कार्यक्रमाची अडचण वेगळीच निघाली. जाते जमिनीवर असते, दळणारी बाई एक पाय पसरून, एक दुमडून बसते, आणि आम्ही सर्वांना ओढू देण्याचे जाहीर केले आहे. चाकाच्या खुर्चीतल्या माणसाने काय करायचे, किंवा गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेल्या आजींनी?

माझे जाते लहान आहे, तरी दोन्ही तळ्या मिळून ते एकट्या माणसाला उचलवत नाही. गावातल्या एका सुतारकाम करणाऱ्या गृहस्थांनी, वाचनालयातली सूचना वाचून, जाड फळ्यांचे ठेंगणे टेबल करून देण्याची तयारी दाखवली, कडेला पट्ट्या ठोकलेले, म्हणजे खालची तळी सरकणार नाही. लाकडाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. त्यांचे नाव आणि वस्तुरूप मदत अहवालात लिहायची आहे. कार्यक्रमात एक जाते जमिनीवर आणि दुसरे, ओळखीच्या घरून आणलेले, टेबलावर असेल.

ते दुसरे जाते अनेक वर्षे नुसते शोभेला ठेवलेले होते आणि त्याची तळी पार गुळगुळीत झाली होती. इथे टाकी लावणारी, म्हणजे छिन्नीने टोचून दगड पुन्हा खडबडीत करणारी माणसे कुठून मिळणार? सोबतच्या गायिकेच्या यजमानांनी छिन्नी आणि हातोडीने, चेहऱ्यावर मुखपट्टी आणि डोळ्यांवर चष्मा लावून, अंगणात बसून त्याला जमेल तशी टाकी लावली. नंतर दोन वेळा ज्वारी दळून ते पीठ फेकून दिले, कारण त्यात दगडाची कच उतरते. कार्यक्रमात दळलेले पीठ खाण्यासाठी नाही, असा फलक दोन्ही जात्यांशेजारी ठेवणार आहोत.

१० मे, शनिवार

वाचनालयातला कार्यक्रम झाला. साधारण पन्नास माणसे होती, त्यांत मराठी निम्म्याहून कमी.

सुरुवातीला परिषदेचा उल्लेख केला, काकूंचे नाव आणि गाव सांगितले, आणि ज्यांच्या ओव्या आम्ही म्हणत आहोत त्या बायका आज इथे नाहीत, त्यांच्या संमतीने म्हणत आहोत, हेही सांगितले. मग आम्ही दोघी जमिनीवरच्या जात्याला समोरासमोर बसलो. खुंट्यावर दोघींचे हात एकावर एक, एकीने ओढायचे आणि दुसरीने तो फेर पुढे न्यायचा. वैरण, म्हणजे दळायचे मूठमूठ धान्य, घालणारा हात रिकामा ठेवायचा. ओवीचा पहिला चरण फेर धरेपर्यंत तुटक निघतो. दगडाची घरघर एकसारखी झाली की आवाज तिच्यावर बसतो आणि मग श्वास कुठे घ्यायचा हे जातेच ठरवते. ध्वनिवर्धक आम्ही मुद्दाम जात्याच्या जवळ ठेवला होता, त्यामुळे शेवटच्या रांगेतही दगडाचा आवाज पोहोचला.

वाचनालयाने स्थानिक इतिहासाच्या कपाटातून न्यू इंग्लंडमधल्या पाणचक्क्यांची छायाचित्रे काढून भिंतीशी मांडली होती. जवळच सडबरीला हेन्री फोर्ड यांनी १९२९ मध्ये बांधून घेतलेली दगडी चक्की अजून उभी आहे आणि अनेकांनी ती पाहिलेली होती. तिथल्या दगडांना आणि आमच्या जात्याला टाकी लावण्याची गरज सारखीच, हे ऐकून एका गृहस्थांनी चक्कीच्या दगडावरच्या खाचांविषयी इतके नेमके प्रश्न विचारले की निवेदकाला मध्येच थांबून आमच्याकडे वळावे लागले.

ग्वाटेमालाहून आलेल्या एक आजी मुलीचा हात धरून पुढे आल्या. त्यांच्याकडे मका दगडी पाट्यावर गुडघे टेकून वाटतात. त्यांनी तशीच बैठक घेतली, खुंटा धरला, आणि हे गोल फिरते, आमचे पुढेमागे जाते, असे मुलीमार्फत सांगितले. त्यांच्या गावी वाटताना बायका गात नसत, बोलत असत. त्या काय बोलत असत ते त्यांनी सांगितले तेव्हा पंधरावीस मिनिटे कार्यक्रम आमच्या हातात राहिला नाही, आणि मी तो परत घेण्याचा प्रयत्नही केला नाही.

टेबलावरचे जाते चाकाच्या खुर्चीतल्या दोन व्यक्तींनी ओढले. एकीने बाजूचा फलक वाचूनही पिठाची चिमूट तोंडात टाकली. पुढच्या वेळी फलकाबरोबर तिथे माणूसही बसवायला हवा.

१६ मे

गृहनिर्माण संस्थेच्या कक्षातला दुसरा कार्यक्रम. श्रोते थोडे, बहुतेक सत्तरीपुढचे. मोठ्या अक्षरांतली पुस्तिका इथे खऱ्या अर्थाने उपयोगी पडली. ओव्यांचे भाषांतर वाचत वाचत ऐकता आले. धरणाखाली गेलेल्या शेताची काकूंची ओवी इथे दोनदा म्हणावी लागली. या राज्यात बॉस्टनच्या पाण्यासाठी क्वाबिन जलाशय बांधताना १९३८ मध्ये चार गावे कायद्याने नाहीशी केली गेली. एका वृद्ध बाईंनी ते आपल्या घरच्या आठवणींतून सांगितले, कारण त्यांच्या आईचे आजोळ त्यांपैकी एका गावातले होते.

२५ मे

सर्वांचे मानधन दिले. काकूंच्या सुनेच्या खात्यात पैसे पोहोचल्याचा निरोप आला. पाठवणावळ मी माझ्या वाट्यातून भरली, कारण त्यांना सांगितलेली रक्कम त्यांच्या हातात पूर्ण पडली पाहिजे. प्रत्येकाकडून पावती घेतली.

छपाईत १८ डॉलर उरले. ही रक्कम प्रवासखर्चात सहज जिरवता आली असती, पण परिषदेला विचारले, तेव्हा त्यातून आणखी पुस्तिका छापून गावातल्या शाळांच्या वाचनालयांना द्याव्यात, असे उत्तर आले. तसे केले.

१४ जून

अंतिम अहवाल परिषदेकडे पाठवला. त्यात मंजूर अंदाजपत्रक आणि प्रत्यक्ष खर्च शेजारी शेजारी मांडले, जागा बदलल्याचे पत्र जोडले, सुतारकाम करणाऱ्या गृहस्थांच्या आणि टाकी लावणाऱ्यांच्या वस्तुरूप मदतीची नोंद केली. उपस्थितीचा आकडा वाचनालयाने मोजलेलाच लिहिला. गावात पोर्तुगीज आणि स्पॅनिश बोलणारे लोक पुष्कळ आहेत, भित्तीपत्रक मात्र इंग्रजी आणि मराठीतच होते आणि त्या समाजांतून फारच थोडे लोक आले, हेही लिहिले. अहवालात फक्त टाळ्यांचे वर्णन असेल तर परिषदेला पुढच्या वर्षीचा पैसा कुठे लावावा हे ठरवायला त्याचा काही उपयोग होत नाही.

आमच्या भागाच्या राज्य प्रतिनिधींना आणि सिनेटरना प्रत्येकी एक पत्र लिहिले. कार्यक्रम काय होता, कोण आले, किती रकमेत झाला, एवढेच त्यात आहे. या निधीवर दरवर्षी विधिमंडळात नव्याने निर्णय होतो, आणि ज्या कलावंतांना तो मिळाला त्यांनीच तोंड उघडले नाही तर त्याची बाजू दुसरे कोण मांडणार?

एका श्रोत्याने केलेले ध्वनिमुद्रण काकूंना ऐकवले. त्यांनी परवानगी दिल्यानंतर त्याची एक प्रत वाचनालयाच्या स्थानिक संग्रहात ठेवायला दिली, त्यांच्या दोन्ही अटी सोबत लिहून. काकूंना त्यात आमच्या एका ओवीची चाल चुकल्यासारखी वाटली आणि त्यांनी ती फोनवर पुन्हा म्हणून दाखवली. मंडळाच्या कार्यक्रमात आता ती तशीच म्हणायची आहे.

परिषदेला गावाच्या गरजा काय आहेत याविषयी लोकांचे मत वेळोवेळी मागवावे लागते आणि त्यासाठीची प्रश्नावली सध्या खुली आहे. मी ती भरली आणि दोन सूचना केल्या. भित्तीपत्रकांच्या भाषांतराचा खर्च अंदाजपत्रकात वेगळा दाखवायला अर्जदारांना सांगावे. आणि पारंपरिक कला सादर करणाऱ्या अर्जदाराला ती कला कोणाकडून घेतली, त्यांची संमती कशी घेतली आणि त्यांना काय दिले, असा एक प्रश्न अर्जातच विचारावा.